वारुळाला विचारून बांधलेली इमारत
(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर दोन रुपये दंड होता, आणि वर्षाअखेरीस सगळ्यात जास्त दंड माझाच निघायचा. म्हणजे मराठीवर माझं प्रेम आहे याचा पुरावा आहे, शुद्धलेखनाचा मात्र नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर वाचकांनी पोटात घालाव्यात.

तर विषय असा की, एप्रिल महिन्यात आपल्या लेडीज होस्टेलचा तिसरा मजला. जे तिथे राहिले आहेत त्यांना पुढचं वाक्य सांगायची गरज नाही. जे राहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. रात्री अकरा वाजता बाहेर गॅलरीत छान वारं असतं आणि खोलीत पाऊल टाकलं की वरून कोणीतरी इस्त्री धरल्यासारखं वाटतं. पंखा पाचवर ठेवला तर गरम हवा जोरात येते, दोनवर ठेवला तर गरम हवा हळू येते, एवढाच फरक. कूलरला परवानगी नाही, कारण वायरिंग जुनी आहे आणि लोड झेपत नाही. मग आम्ही फरशीवर पाणी ओतून त्यावर चटई टाकून झोपतो. सबमिशनच्या दिवसांत तर काही जणी जर्नल घेऊन जिन्यात बसतात.

अशाच एका रात्री मला सेमिनारचा विषय सुचला. म्हणजे सुचला असं म्हणणं खोटं होईल. जुन्या सेमिनारच्या यादीत 'निसर्गापासून प्रेरित वास्तुरचना' असं काहीतरी होतं, त्यात एका इमारतीचं नाव दिसलं. वातानुकूलन यंत्र न लावता थंड राहणारी इमारत, एवढं वाचलं आणि मी तिच्या मागेच लागले.

ही इमारत झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारे शहरात आहे. नाव ईस्टगेट सेंटर. वास्तुविशारद मिक पिअर्स, हे मूळचे हरारेचेच. अभियंते अरुप कंपनीचे. १९९६ साली ती वापरात आली. नऊ मजल्यांच्या दोन लांबट इमारती समांतर उभ्या, मध्ये मोठी मोकळी जागा आणि त्या जागेवर काचेचं छत. खाली दुकानं, वर ऑफिसं. एकूण क्षेत्रफळ ५५ हजार चौरस मीटरच्या घरात. छतावर विटांची ४८ धुराडी ओळीने उभी आहेत. फोटो बघितला तर आधी वीटभट्टी वाटते!

मालकांची अट अशी होती की मोठी वातानुकूलन यंत्रणा नको. त्यामागे पर्यावरणाचं प्रेम किती होतं मला माहीत नाही, पण व्यवहार नक्की होता. ती यंत्रणा बाहेरच्या देशातून आणायची, त्यासाठी परकीय चलन मोजायचं, पुढे प्रत्येक सुट्या भागासाठी पुन्हा तेच, आणि वीज गेली की सगळं ठप्प. ती यंत्रणा न बसवल्यामुळे सुमारे ३.६ कोटी डॉलरच्या बांधकामात ३५ लाख डॉलर वाचले असं सांगतात. मग गारवा आणायचा कुठून? पिअर्स यांनी वारुळाकडे बघितलं. आफ्रिकेत माणसापेक्षा उंच वारुळं असतात. रणरणत्या उन्हात, विजेशिवाय, आत लाखो जीव राहतात आणि शेती करतात. (खरंच शेती. त्याबद्दल पुढे.)

इथे थोडं थांबते, कारण 'वारूळ' हा शब्दच मला नीट माहीत नव्हता. आम्ही 'अँटहिल' शिकलो, त्यामुळे ते मुंग्यांचं घर अशी माझी पक्की समजूत. सुट्टीत आजीकडे गेले तेव्हा तिला मोठ्या ऐटीत सांगायला लागले की मुंग्यांच्या घरावरून इमारत बांधली आहे. आजी म्हणाली, "अगं बाई, मुंग्या कशाला एवढं बांधतेत? ते वाळवीचं घर. मुंग्या मागनं जाऊन राहतेत, आन् त्यांच्या मागनं नागोबा." नागपंचमीला ती ज्या वारुळाला दूध-लाह्या वाहते ते बांधावर आहे, आणि ते माझ्या बाबांच्या लहानपणापासून तिथेच आहे. शेतातली माती, वाळवीची लाळ आणि पावसाळे एवढ्यावर ते उभं आहे. आमच्या पॅरापेटला तीन वर्षांत तडे गेले.

आता ईस्टगेट चालते कशी ते सांगते. यात मोठी जादू नाही, दुसऱ्या वर्षाचं थर्मोडायनॅमिक्स पुरतं.

हरारे जवळजवळ १५०० मीटर उंचीवर आहे. तिथे दिवस गरम आणि रात्र गार, दोन्हीत साधारण १० ते १४ अंशांचा फरक पडतो. पिअर्स आणि अरुपच्या लोकांनी या फरकावरच सगळा डाव लावला. मधल्या मोकळ्या जागेतून पंखे हवा ओढतात, ती गाळून उभ्या मार्गांनी प्रत्येक मजल्यावर जाते, आणि थेट खोलीत न येता आधी पोकळ जमिनीतून फिरते. ही जमीन काँक्रीटची, आणि तिच्या आत दातासारखे उंचवटे काढलेले आहेत, म्हणजे हवेला काँक्रीट जास्तीत जास्त घासून जावं लागतं. मग भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून ती खोलीत येते, माणसांच्या, दिव्यांच्या आणि कॉम्प्युटरच्या उष्णतेने गरम होऊन वर जाते, छताजवळच्या भोकातून बाहेर पडते आणि त्या ४८ धुराड्यांतून आकाशात जाते.

खरी गंमत रात्री असते. दिवसा हवा तासाला साधारण २ वेळा बदलतात आणि रात्री १० वेळा. म्हणजे ऑफिसात माणूस नसताना पंखे जास्त जोरात! आपण बरोबर उलट करतो. रात्रीच्या गार हवेने काँक्रीटची जमीन पार थंड करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बाहेरची गरम हवा त्याच थंड जमिनीवरून खोलीत सोडायची. रात्री विजेचा दर कमी असेल तर तोही फायदा.

काँक्रीटच का? मी हिशोब केला. एक घनमीटर काँक्रीट एक अंशाने तापवायला साधारण २१०० किलोज्यूल लागतात. एक घनमीटर हवेला फक्त १.२. म्हणजे सुमारे १७५० पट. हवा ही खिशातली चिल्लर आहे आणि काँक्रीट ही बँक. आपल्या खोलीचा स्लॅब घ्या. ३ मीटर बाय ३.६ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर, म्हणजे १.३५ घनमीटर. तो एक अंशाने थंड व्हायचा तर जवळजवळ ०.८ युनिट उष्णता बाहेर टाकायला हवी. ७५ वॅटचा पंखा दहा तास चालला की तेवढीच वीज खातो. आणि आपला स्लॅब एक अंशाने नाही, चांगला १२-१५ अंशांनी तापलेला असतो. मग रात्री तो ही उष्णता कोणाला देणार? खाली झोपलेल्या आम्हा तिघींना.

आता हवेकडून बघू. खोलीतली हवा साधारण ३२ घनमीटर. बाहेर १० अंशांनी गार हवा आहे आणि तासाला एकदाच हवा बदलली, तर बाहेर जाणारी उष्णता १०० वॅटच्या आसपास. झोपलेला माणूसच ७०-८० वॅट देतो. म्हणजे आमच्या तिघींचीच उष्णता बाहेर जात नाही, स्लॅबची बात सोडाच. तीच हवा तासाला दहा वेळा बदलली तर एक किलोवॅटपर्यंत जाईल. हा आकडा वहीत आला तेव्हा मला ईस्टगेटचे रात्रीचे दहा फेरे एकदम कळले. पुस्तकात वाचताना कळले नव्हते.

धुराड्यांचं गणितही करून बघण्यासारखं आहे. गरम हवा हलकी, ती वर जाते आणि खालून गार हवा ओढते. ३० मीटर उंची आणि १० अंशांचा फरक धरला तर दाब येतो सुमारे १२ पास्कल. एका चौरस मीटरवर जेमतेम सव्वा किलो! म्हणून ईस्टगेटमध्ये पंखे आहेत. 'यंत्राशिवाय थंड राहणारी इमारत' असं जे छापून येतं ते खरं नाही. शीतयंत्र नाही, पंखे आहेत, आणि थंडीच्या दिवसांसाठी छोटे हीटरही आहेत. खिडक्या तर उघडतच नाहीत, कारण रस्त्याचा आवाज येतो आणि कोणीही खिडकी उघडली की हवेच्या दाबाचं सगळं गणित बिघडतं. बाहेरच्या भिंतींवर काँक्रीटचे पुढे आलेले पट्टे आणि टोकं आहेत, निवडुंगासारखी. दिवसा त्यांची सावली भिंतीवर पडते आणि रात्री उष्णता बाहेर टाकायला जास्त पृष्ठभाग मिळतो. काच बाहेरच्या भिंतीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नाही. हे वाचून मला आपल्या शहरातल्या हायवेवरच्या नव्या इमारती आठवल्या. पश्चिमेला अख्खी निळी काच, आणि मागे एसीची यंत्रं माश्यांसारखी चिकटलेली.

विजेच्या बचतीचा आकडा मात्र सांभाळून घ्यायला हवा. कुठे लिहितात ९० टक्के कमी वीज. पिअर्स यांनी स्वतः दिलेला आकडा असा की, हरारेतल्या पूर्ण वातानुकूलित अशा सहा इमारतींच्या सरासरीपेक्षा ईस्टगेटला एकूण ३५ टक्के कमी ऊर्जा लागते. एक आकडा हवा खेळवण्यापुरता आणि दुसरा लिफ्ट-दिव्यांसकट सगळ्याचा, असा घोळ असावा. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये अर्थातच ९० होता. तो जास्त छान दिसतो.

आणि इथून माझी फजिती सुरू झाली. सेमिनारच्या तालमीला मी सगळ्यात सुंदर स्लाइड दाखवली, वारुळाच्या उभ्या छेदाची. त्यावर लिहिलं होतं की वाळवी दिवसभर छोटी भोकं उघडझाप करते आणि बाहेर ३ अंश असो की ४२, आतलं तापमान ३१ अंशांवर स्थिर ठेवते. आमचे गाइड सर शांत माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "मोजलं कोणी?"

मी म्हटलं, "सर, सगळीकडे दिलंय."

"सगळीकडे दिलंय ते दिसतंय. मोजलं कोणी?"

दोन दिवस लायब्ररीत आणि नेटवर घालवले. जे सापडलं ते असं. १९६१ साली मार्टिन ल्युशर या शास्त्रज्ञाने वारुळातल्या हवेचं एक चित्र मांडलं. आतल्या वाळवीच्या आणि बुरशीच्या उष्णतेने हवा गरम होऊन वर जाते, कडेच्या पोकळ्यांतून थंड होत खाली येते, असं अखंड चक्र. चित्र इतकं पटण्यासारखं होतं की ते पुस्तकांत गेलं, तिथून माहितीपटांत गेलं, आणि ईस्टगेटचा आराखडा झाला तेव्हा वारुळाबद्दल सगळ्यांची साधारण हीच समजूत होती.

पुढे स्कॉट टर्नर नावाच्या जीवशास्त्रज्ञाने आणि रूपर्ट सोअर या अभियंत्याने नामिबियातली वारुळं तपासली. त्यांनी आत प्लास्टर ओतलं, वरची माती धुऊन टाकली, आणि आतल्या सगळ्या बोगद्यांचं पांढरं जाळं उभं राहिलं. (फोटो जरूर बघा, अंगावर काटा येतो.) आत थोडा वेगळा वायू सोडून तो कुठे कुठे पोचतो ते मोजलं. २००८ साली त्यांनी लिहिलं की वारुळाचं तापमान स्थिर वगैरे काही नसतं. वाळवीची वस्ती मुळात वारुळाच्या उंच भागात नसतेच, ती खाली जमिनीत असते. तिथलं तापमान आजूबाजूच्या जमिनीसारखंच बदलतं, हिवाळ्यात १४-१५ अंशांपर्यंत उतरतं आणि उन्हाळ्यात ३१ च्या वर जातं. जी काही स्थिरता दिवस-रात्रीत दिसते ती जमिनीची, पंख्यासारख्या वाहणाऱ्या वाऱ्याची नाही.

मग एवढा मनोरा कशाला? श्वास घ्यायला. खाली लाखो वाळवी आणि त्यांची शेती. ही वाळवी लाकूड-पाला चावून त्याचे वाफे करते आणि त्यावर बुरशी वाढवते, कारण कोरडं लाकूड तिला एकटीला नीट पचत नाही. पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते, जी कोकणात आणि गोव्यात लोक पहाटे जाऊन गोळा करतात, ती याच शेतीची. या सगळ्या पसाऱ्याला प्राणवायू हवा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला हवा. टर्नर म्हणतात, वारूळ म्हणजे धुराडं नाही, फुप्फुस आहे. बाहेरचा वारा कमी-जास्त होतो तशी आतली हवा मागेपुढे हलते आणि वायूंची देवाणघेवाण होते.

थोडक्यात, माझी सगळ्यात सुंदर स्लाइड चूक होती. आणि सेमिनार परवा.

त्या रात्री खूप राग आला. रूममेट म्हणाली, "राहू दे ना, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना कुठे माहीत असणार? इमारत चालते ना, मग झालं." तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. इमारत चालते, हे खरंच. पण मी त्या स्लाइडसमोर बसून विचार करत होते की, इमारत चालते आणि ज्यावरून घेतली ती गोष्ट तशी चालतच नाही, तर मग इमारत कशामुळे चालते? हा प्रश्न सोडून सेमिनार दिला असता तर मार्क मिळाले असते, पण तो घशात अडकून राहिला असता.

उत्तराचा धागा मला आपल्याच देशात सापडला. हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी बेंगळुरूमधल्या वारुळांवर काम केलं, ते २०१५ साली छापून आलं. वाळवीची जात ओडोंटोटर्मिस ओबेसस, आपल्याकडेही तीच सगळीकडे आढळते. या वारुळांना बाहेरून उभ्या कण्यासारख्या कडा असतात, आजीच्या बांधावरच्या वारुळालाही आहेत. दिवसा या बारीक कडा लवकर तापतात, मधला जाड भाग मागे राहतो. म्हणून हवा कडांतून वर चढते आणि मधून खाली उतरते. रात्री कडा लवकर गार होतात आणि चक्र उलटं फिरतं. वेग सेकंदाला काही सेंटिमीटर, इतका कमी की मोजायला त्यांना स्वतःचं उपकरण बनवावं लागलं. दिवसभर आत साठलेला कार्बन डायऑक्साइड रात्री बाहेर निघतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी एक ओसाड, वाळवी नसलेलं वारूळही मोजलं. तिथेही हवा तशीच फिरत होती. म्हणजे इंजिन वाळवीच्या अंगच्या उष्णतेचं नाही. दिवस आणि रात्र यांतला फरक हेच इंजिन.

आता ईस्टगेटकडे परत बघा. ती कशावर चालते? दिवस आणि रात्र यांतल्या फरकावर! पिअर्स यांनी चुकीच्या चित्रावरून सुरुवात केली, पण हरारेच्या हवेचा आणि काँक्रीटचा हिशोब अभियंत्यांनी चोख केला, आणि हिशोबाने त्यांना अशा ठिकाणी नेलं जे पुस्तकातल्या वारुळापेक्षा बेंगळुरूच्या वारुळाला जास्त जवळचं आहे. हे माझं मत आहे, कुठे छापलेलं नाही, तेव्हा परीक्षेत लिहू नका.

सेमिनारमध्ये मी ती स्लाइड ठेवली आणि तिच्यावर लाल फुली मारली. अर्धा वेळ चूक काय होती हे सांगण्यात गेला, त्यामुळे पिअर्स यांच्या दुसऱ्या इमारतीला (मेलबर्नचं कौन्सिल हाउस दोन, २००६, जिथे रात्री खिडक्या आपोआप उघडतात आणि उत्तरेकडचे हवेचे उभे मार्ग मुद्दाम गडद रंगाचे केले आहेत, म्हणजे ते तापून हवा वर ओढतात) फक्त दीड मिनिट मिळालं. 'वेळेचं नियोजन' या रकान्यात मार्क कापले गेले. सर काही बोलले नाहीत, पण जाताना म्हणाले, "आता होस्टेलचं मोज."

ते काम सेमिनारपेक्षा अवघड निघालं. फिजिक्स लॅबमधून थर्मामीटर मिळाले, दुरून तापमान मोजणारी पिस्तुलासारखी वस्तू सरांनी दिली. रात्री नऊ वाजता आमच्या छताची खालची बाजू ४१ अंश! बाहेर २९. म्हणजे गार हवा आहे, इमारतीत उंच जिनाही आहे, जो फुकटचं धुराडं होऊ शकतो. १२ मीटर उंची, ६ अंशांचा फरक धरला तर दाब तीन पास्कलच्या आत. एका चौरस मीटरवर पाव किलो साखरेच्या पुडीपेक्षा थोडं जास्त. कमी आहे, पण दार मोठं असेल तर हवा हलते. अडचण एकच, वरचं टेरेसचं दार नऊला कुलूपबंद होतं. धुराड्याचं तोंडच बंद.

रेक्टर मॅडमकडे अर्ज घेऊन गेलो. मॅडमनी आलेख बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "अगं, दार उघडं ठेवलं आणि काही झालं तर तुमच्या पालकांना काय सांगू मी? वाळवीचं नाव सांगू?" बरोबरच होतं त्यांचं. ईस्टगेटमध्ये रात्री कोणी राहत नाही, आपल्याकडे दोनशे मुली राहतात. शिवाय डास. मी अर्ज घेऊन परत आले आणि तीन दिवस तोंड फुगवून बसले. शेवटी उपाय वॉचमन काकांनी सुचवला. लाकडी दाराच्या आत जाळीचं लोखंडी दार बसवा, कुलूप जाळीच्या दाराला लावा, लाकडी दार उघडं राहू दे. वर्कशॉपमध्ये अँगल आणि जाळी होती, फिटिंगच्या सरांनी मुलांकडून ते करून घेतलं. वेल्डिंग बघू नका, दार बघा.

मग नियम केला. सकाळी आठला सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्री नऊला खिडक्या आणि दारावरची झडप उघडी, जिन्याचं लाकडी दार उघडं. पहिल्या आठवड्यात निम्म्या जणी विसरायच्या, दुपारी खिडकी उघडी ठेवून "हवा येऊ दे" म्हणायच्या. ४० अंशांची हवा आत घेण्यात काय अर्थ आहे हे मी मेसच्या रांगेत उभं राहून समजावलं आहे. आमच्या आजीला हे समजवावं लागत नाही. माळवदाचं घर, हातभर जाड मातीच्या भिंती, दुपारी दार लोटून घ्यायचं आणि रात्री छतातला झरोका उघडायचा. तिला हिशोब येत नाही आणि लागतही नाही.

निकाल सांगते, वाढवून सांगत नाही. तळमजल्याच्या अभ्यासिकेत दुपारचं तापमान आधीपेक्षा साधारण दोन अंशांनी उतरलं. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर रात्री फरक जाणवला, बाराच्या ऐवजी साडेदहाला झोप लागायला लागली. आणि तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या माझ्या खोलीत, जवळजवळ काहीच नाही. कारण तिसऱ्या मजल्याचा स्लॅब रात्री जेवढी उष्णता सोडतो त्यापेक्षा दिवसभर सूर्य त्यात कितीतरी जास्त भरतो. हरारेच्या जमिनींवर ऊन पडत नाही, आमच्या छतावर दहा तास पडतं. आधी ऊन अडवायचं, मग रात्रीची हवा. पिअर्स यांची निवडुंगासारखी भिंत त्यासाठीच होती. मी हे वाचलं होतं, सेमिनारमध्ये सांगितलंही होतं, आणि स्वतःच्या होस्टेलला लावताना विसरले.

हे सगळं कोकणात किंवा मुंबईत चालेल का, असं एका मैत्रिणीने विचारलं. ती अलिबागची. माझं उत्तर, एप्रिलमध्ये तरी नाही. तिथे रात्रही उबदार आणि दमट, दिवस-रात्रीत फरक फारसा नाही, म्हणजे इंजिनात पेट्रोलच नाही. तिथे जाड स्लॅब गार करत बसण्यापेक्षा उतरतं कौलारू छप्पर आणि आरपार वारा बरा. जिथलं वारूळ तिथलं डिझाइन. देशावर मात्र मार्च-एप्रिलमध्ये फरक चांगला १२-१५ अंशांचा मिळतो, आणि आपण तो रोज रात्री कुलूप लावून बाहेर ठेवत होतो.

टेरेसला चुना मारायचा अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झाला. चुना, त्यात थोडं फेविकॉल, आधी झाडून आणि धुऊन घेतलेला टेरेस, सकाळी साडेसहा ते नऊ. सतरा जणी आलो होतो, ब्रश चार. दुसरा हात संपेपर्यंत डोळे दिपायला लागले, म्हणून गॉगल घालून काम केलं, आणि त्याचे फोटो होस्टेलच्या ग्रुपवर आहेतच. त्यानंतर चार रात्री मोजायला मिळाल्या. रात्री नऊला छताची खालची बाजू ३६-३७. मग परीक्षा सुरू झाल्या, मग सुट्टी, मग पाऊस. पावसात चुना किती टिकला ते आत्ता सप्टेंबरमध्ये वर जाऊन बघितलं. पाण्याच्या टाकीभोवती पूर्ण गेलाय, बाकी ठिकाणी फिक्कट पण आहे. दिवाळीनंतर पुन्हा एक हात मारावा लागेल. नोंदींची वही रेक्टर ऑफिसच्या खिडकीत दोरीला बांधून ठेवली आहे, थर्मामीटर तीन आहेत, चौथा फुटला. मार्चपासून रोज रात्री नऊला आणि दुपारी दोनला नोंद करायला दर मजल्याची एक मुलगी हवी आहे. तळमजला आणि दुसरा मजला ठरले. पहिल्या मजल्यावरून अजून कोणी नाव दिलेलं नाही.